डॉक्टरबाईंची शेरडं

डॉक्टरबाई माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, तोंडात बघत. आपण नमस्कार म्हणेपर्यंत त्यांची नजर वरच्या दातांवरून फिरून आलेली असे आणि या-बसा होईपर्यंत खालच्या. जुळे सोलापुरातल्या आमच्या गल्लीत भाजीचा गाडा आला, की बाकीच्या बायका भेंडीचा भाव विचारत. डॉक्टरबाई गाडेवाल्याला म्हणत, "आ कर." मग लगेच, "उजवीकडची दाढ गेलीय तुझी. तंबाखू सोड. आता पाव किलो भेंडी दे." तो बापडा तोंड घट्ट मिटून भेंडी तोलायचा. पुढे पुढे त्यांचं दार आलं, की गाडा जरा जोरातच ढकलायचा.

दातांचा दवाखाना बंद करून त्या आमच्या शेजारच्या रो-हाउसमध्ये राहायला आल्या, तेव्हा साठीच्या असतील. मूळच्या अक्कलकोटकडच्या. घरात कानडी, दारात मराठी, आणि चिडल्या की दोन्ही एकदम. एकट्याच होत्या. शेजारधर्म म्हणून मी वाटीभर शेंगाचटणी घेऊन गेले. वाटी हातात घेता घेता त्या म्हणाल्या, "झोपेत दात खातेस तू. दाढा झिजल्यात बघ. कुणावर एवढा राग काढतेस गं?" तोपर्यंत तसा कुणावर नव्हता. थोड्याच दिवसांत झाला, आणि तो त्यांच्यावरच. अजून पुरता उतरलेला नाही.

राग हा शब्द मी आपला मोठेपणासाठी वापरते. खरा शब्द जळफळाट. त्याचं कारण आमचे आप्पा.

आप्पा सांगोल्याकडचे. सगळा जन्म मेंढरांमागे गेला. आई गेली, त्यानंतर भावानं कळप विकला, आणि मी आप्पांना सोलापूरला घेऊन आले. मी विमा कंपनीच्या ऑफिसात नोकरीला. लग्न केलं नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. पण आप्पा आले ते तोंडाला कुलूप लावून. "चहा ठेवू?" "व्हय." "सिद्धेश्वरला जाऊन येऊ या?" "न्हाय." दिवसभराचं संभाषण संपलं. मी रेडिओ आणून दिला, मोठा टीव्ही घेतला, रविवारी मुद्दाम चुलीवरची भाकरी कुठे मिळते ते शोधून आणली. आप्पा सगळ्याला व्हय म्हणायचे आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसायचे. मला फार काही नको होतं. बापानं आपल्याशी दोन वाक्यं सलग बोलावीत, एवढंच हवं होतं. त्यासाठी वर्षभर मी काय काय केलं ते माझं मला ठाऊक.

आणि एका सकाळी गच्चीवरून हसण्याचा आवाज आला. खळखळून, पोटातून. मला वाटलं, डॉक्टरबाईंकडे कुणी पाहुणे आलेत. कपडे वाळत घालायला वर गेले आणि बघते तर आमचे आप्पा! मधल्या कठड्यावर ओणवे होऊन पलीकडच्या एका कुंडीत बघत होते आणि म्हणत होते, "आयला, खाल्ली की वो! जित्ती खाल्ली!"

पलीकडे डॉक्टरबाई, हातात दातांच्या दवाखान्यातला चिमटा. त्यांच्यासमोर पाण्यानं भरलेल्या ट्रेमध्ये बुटक्या कुंड्या ओळीनं मांडलेल्या, आणि कुंड्यांत ती जगावेगळी रोपं. शाळेत असताना कीटकभक्षी वनस्पती म्हणून पुस्तकात घटपर्णीचं चित्र असायचं, तेवढीच माझी ओळख. इथे घटपर्णी होतीच, जाळीखाली तारेला टांगलेली, पेले लोंबकळत असलेली. पण डॉक्टरबाईंचा जीव होता तो व्हीनस फ्लायट्रॅपवर. जमिनीलगत पसरलेली पानं, प्रत्येक पानाच्या टोकाला उघडा जबडा, आणि जबड्याच्या कडेला बारीक दात. तीस-पस्तीस वर्षं माणसांची तोंडं उघडून ह्या बाईचं पोट भरलं नव्हतं. म्हणून ही तोंडं पाळली होती.

"आतल्या केसाला माशी एकदा लागली तर हे मिटत नाही री, आप्पा," त्या कानडी आदराचं 'री' लावून सांगत होत्या. "पुन्हा लागली की मिटतं. माझे पेशंट असेच. पहिल्यांदा दुखलं की घरी लवंग धरून बसणार. दुसऱ्यांदा दुखलं की मग येणार."

आप्पा पुन्हा हसले. माझ्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. वर्षभर मी हा आवाज ऐकायला कान लावून बसले होते, आणि ह्या बाईला तो एका माशीच्या बदल्यात मिळाला.

त्या दिवसापासून आप्पांची खुर्ची गच्चीवर गेली. रोपांना त्यांनी 'शेरडं' असं नाव ठेवलं, कारण दिसेल ते तोंडात घालतात म्हणून. डॉक्टरबाई त्यांना पेशंट म्हणत. दोघांचं त्यावरून रोज भांडण. "बाई, त्या कडंच्या शेरडानं आज काय खाल्लं न्हाय." "पोट भरलंय त्या पेशंटचं. साकु. जास्त नको." मी खालून हाक मारायचे, "आप्पा, जेवायला चला." वरून उत्तर यायचं, "हां." न्हाय नाही, व्हय नाही, हां! जेवताना विचारलं, काय गप्पा झाल्या, तर आप्पा म्हणायचे, "कुटं काय." म्हणजे वर धबधबा आणि खाली थेंब नाही.

मग कवळीचं प्रकरण झालं. आप्पांच्या तोंडाचं बोळकं होऊन किती वर्षं झाली होती. आई सांगून थकली, मी सांगून थकले. "आता काय दात घिऊन वर जायाचंय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. भाकरी आमटीत चुरून, पार लगदा करून खायचे. डॉक्टरबाईंनी त्यांना समजावलं वगैरे काही नाही. एक दिवस कुंडी उचलून त्यांच्या तोंडासमोर धरली आणि म्हणाल्या, "आप्पा, बोटाएवढं झाड. ह्याला दात आहेत आणि तुम्हाला नाहीत. बरं दिसतं का?" आप्पा दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून तयार. डॉक्टरबाई त्यांना आपल्या एका विद्यार्थ्याच्या दवाखान्यात घेऊन गेल्या, प्रत्येक खेपेला स्वतः शेजारी उभ्या राहिल्या.

कवळी बसली त्या दिवशी मी रजा टाकली होती. कडक भाकरी आणली होती, ताटात शेंगाचटणी, दही, कांदा. म्हटलं, एवढ्या वर्षांनी पहिला घास बाप आपल्यासमोर खाईल. आप्पांनी ताटातली भाकरी उचलली आणि सरळ गच्चीवर गेले. जिन्यात उभी राहून मी तो कुडुम-कुडुम आवाज ऐकला. डॉक्टरबाई म्हणत होत्या, "डावीकडून चावा. आता उजवीकडून." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दही मी एकटीनं खाल्लं.

पण ह्यावरची कडी पुढेच आहे. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले आणि आप्पा आपणहून माझ्याशी बोलले. हातपाय धुऊन बसले होते, घसा खाकरला, म्हणाले, "नंदे, तुज्या हापिसात ती गार हवेची पेटी हाय नव्हं? तिचं पानी गळून कुटं जातं?" दोन वाक्यं. सलग. मला भरून आलं. म्हटलं, "जातं नळीतून बाहेर, का हो आप्पा?" तर म्हणाले, "बाईंच्या शेरडांना लागतंय. नळाचं पानी त्यांना बाधतं."

आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांतून एकदा येतं आणि येतं तेही क्षारांचं. बादलीला पांढरी पुटं धरतात. ते पाणी ह्या रोपांना विषासारखं. त्यांना पावसाचं पाणी हवं, नाहीतर एसीतून ठिबकणारं. डॉक्टरबाईंची पावसाच्या पाण्याची पिंपं उन्हाळ्यात तळाला गेली होती. तेव्हा सगळा उन्हाळा मी ऑफिसातल्या एसीखाली बाटल्या लावल्या आणि स्कूटरच्या पायाशी ठेवून वाहून आणल्या. शिपायानं विचारलं, "मॅडम, बॅटरीत घालायला का?" मी हो म्हटलं. ज्या बाईनं माझा बाप पळवला तिच्या झाडांना पाणी घालते, हे शिपायाला कसं सांगणार?

रोपांच्या बाबतीत त्यांचे नियम कडक. खत नाही, माती नाही. कुंडीत कुजलेल्या शेवाळाचा तपकिरी भुसा, ज्याला त्या मॉस म्हणत, आणि त्यात पांढरे हलके खडे. बस. ह्या झाडांचा जन्मच मुळी निकस दलदलीत, म्हणून तर ती माश्या खायला शिकली. त्यांच्या मुळांना सकस काही सोसत नाही. थंडीत त्यांना झोप लागते, पण सोलापूरची थंडी ती केवढीशी. म्हणून डिसेंबरात त्या रोपं कुंडीतून काढायच्या, ओल्या मॉसमध्ये गुंडाळून डब्यात भरायच्या आणि डबा फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्याशेजारी. जानेवारी संपता संपता डबा बाहेर काढायचा आणि नव्या कुंडीत लावायचं. कुंडी बदलायची वेळ तीच. एरवी नाही.

पावसाळ्यात रोपं फोफावली. कुंड्यांच्या काठावरून जबडे बाहेर लोंबायला लागले. मीही कुठेतरी कामाला यावं म्हणून एकदा म्हटलं, "डॉक्टर, कुंड्या लहान पडतायत. मोठ्यांत बदलून देऊ का?"

"आत्ता?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी चुकीचा दात दाखवला होता. "वाढीच्या दिवसांत मुळाला हात नाही लावायचा. हिरडी सुजलेली असताना आपण दात ओढतो का? सूज उतरू द्यायची. झाडाची सगळी ताकद आत्ता वर पानांत गेलीय. मूळ हाललं तर झाड वरची पानं सांभाळणार का खालचं मूळ?"

"आणि बदलायलाच लागली तर?"

"अगदीच कुंडी फुटली वगैरे, तर भुशाच्या गोळ्यासकट उचलून दुसरीत ठेवायचं. गोळा फोडायचा नाही. फोडायचा तो एकाच कारणासाठी. आत पू झाला, म्हणजे मूळ सडायला लागलं, तर. मग सूज आहे का नाही, बघत बसायचं नाही."

आप्पा हे सगळं मान हलवत ऐकत होते. मेंढराच्या अंगात किडे पडले, तर आपणही वेळ-काळ बघत नसू, असं म्हणाले. मला बाई नीट समजावून सांगत होत्या आणि दाद आप्पा देत होते. मी माझी खाली निघून आले.

श्रावणात डॉक्टरबाई आठवडाभर धारवाडला भावाकडे गेल्या. जाताना रोपं आप्पांवर सोपवली. माझ्यावर नाही, हे सांगायला नकोच. "ट्रेमध्ये पाणी ठेवायचं, बाकी काही नाही," एवढं सांगून गेल्या. त्याच आठवड्यात माझा भाऊ गावाहून आला, ज्वारीबरोबर लेंडीखताचं एक पोतं घेऊन. आमच्या अंगणातल्या कढीपत्त्यासाठी. मी काही लक्ष दिलं नाही.

डॉक्टरबाई परत आल्या, बॅग दारात ठेवून तशाच वर गेल्या. थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. आप्पांना नाही, मला. मी कठडा ओलांडून गेले. फ्लायट्रॅपची पानं कडेनं काळी पडत होती. जबडे अर्धवट मिटून लुळे पडले होते. डॉक्टरबाईंनी एका कुंडीत चिमटा घातला आणि काळी, गोल, टणक लेंडी वर काढली. मग दुसरी. प्रत्येक कुंडीत मुळाशी बोट घालून चांगल्या खोल पेरलेल्या, आणि वरून पाऊस लागून विरघळलेल्या. सोलापुरात दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर मेंढी चढत नाही. कुणी केलं ते दोघींनाही कळलं.

तेवढ्यात आप्पा जिन्यातून वर आले. तोंड उतरलं होतं. "बाई, शेरडं हडकल्यावानी दिसत हुती," असं काहीतरी पुटपुटायला लागले. मी तोंड उघडणार होते. खरं सांगते, माझ्या मनात लाडू फुटत होते. आज ह्या गच्चीवर आप्पांना बोलणी बसणार आणि उद्यापासून खुर्ची खाली येणार.

डॉक्टरबाईंनी लेंडी पटकन मुठीत घेतली. "चिमण्यांनी आणून टाकलंय काहीतरी, आप्पा," त्या म्हणाल्या. "चिमण्यांना काय कळतं?"

आप्पांनी त्यांच्या मुठीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "व्हय," म्हणाले. "चिमन्यांचं काय खरं न्हाय."

"पण आता थांबता येत नाही. आत पू झालाय. आजच कुंड्या बदलायच्या."

मॉसची पिशवी काढली, नव्या कुंड्या धुतल्या, पावसाच्या पाण्याचं घमेलं भरलं. डॉक्टरबाईंनी पहिलं रोप उपटलं आणि तेव्हा मी त्यांचा उजवा हात पहिल्यांदा नीट पाहिला. थरथरत होता. थोडा नाही, चांगलाच. दवाखाना का बंद केला ते मला तेव्हा कळलं. फ्लायट्रॅपचं मूळ म्हणजे काळा दोरा, बोटाच्या धक्क्यानं तुटणारा. त्यांनी तो डाव्या हातानं धरून बघितला आणि रोप खाली ठेवलं.

"मी करते," मी म्हणाले. मनापासून म्हणाले.

"तू नको. तुझ्या हातात घाई आहे." आणि आप्पांकडे वळून, "तुम्ही करा."

मला तोंडात मारल्यासारखं झालं. पण नंतर जे बघितलं, त्यापुढे ते विसरले. आप्पांनी बाह्या वर केल्या, मांडी घातली. अडलेल्या मेंढीचं कोकरू सोडवावं तसं रोप दोन बोटांत धरलं, घमेल्यातल्या पाण्यात बुडवून नुसतं हलवत राहिले. ओढलं नाही, चोळलं नाही. भुसा आपोआप सुटत गेला. डॉक्टरबाई शेजारी बसून सांगत होत्या, "काळं झालेलं पान कापा. फुलाची दांडी दिसतेय, तीही कापा, आता फुलाचे लाड नाहीत. मूळ सरळ सोडा. वरून दाबू नका." मी पाणी बदलत होते. घमेलं भर, घमेलं ओत. माझ्या आठवणीत आप्पांचे हात म्हणजे काठी धरलेले, दोर वळणारे. इतके हळुवार ते कधी माझ्या वाट्याला आले होते का, हे मी आठवून बघत होते.

सगळ्या कुंड्या बदलून झाल्या तेव्हा दिवस कलला होता. डॉक्टरबाईंनी त्या हिरव्या जाळीच्या सावलीत नेऊन ठेवायला लावल्या. "आता महिनाभर माशी नाही, ऊन नाही, कुणी जवळ जायचं नाही." मग आप्पांना म्हणाल्या, "चला, चहा घेऊ. तुमच्यासारखा सर्जन मला दवाखान्यात मिळाला असता तर!"

त्या संध्याकाळी जेवताना आप्पा माझ्याशी बोलले. दोन वाक्यं नाहीत, पोटभर. "बाईंना ठावं हुतं, मीच घातलं ते. आन् तरी चिमन्यांवर घातलं. नंदे, असं खोटं बोलाया लई मोठं मन लागतं." मग धारवाड, बाईंचा हात, बाईंचं जेवण एकटीचं कसं होत असेल, सगळं. मी ऐकत होते, वाढत होते. वर्षभर ज्या गोष्टीसाठी जीव टाकला ती ताटात येऊन पडली होती आणि तिच्यात पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत फक्त बाई होत्या. मला आनंद व्हावा का रडू यावं, कळेना. मी भाकरी आणखी एक भाजली.

काही रोपं गेली. बाकीच्यांची होती ती पानंही झडली, नुसती बुडखी राहिली. आप्पा रोज जाळीबाहेर उभे राहून बघायचे, आत जायचे नाहीत. दसऱ्याच्या आसपास एका बुडख्यातून हिरवं टोक वर आलं, आणि त्याला बघता बघता नखाएवढा जबडा फुटला. आप्पांनी मला हाक मारली. डॉक्टरबाईंनाही मारली. पण मला आधी मारली, हे मी नोंदवून ठेवते.

डॉक्टरबाईंचा हात मात्र बरा होणारा नव्हता. दिवाळीनंतर त्यांचे धारवाडचे भाऊ त्यांना न्यायला गाडी घेऊन आले. डॉक्टरबाई आपली कपाटं, पुस्तकं, भांडी वाटून मोकळ्या झाल्या. रोपं आप्पांना दिली. निघायच्या आदल्या दिवशी मला बोलावून म्हणाल्या, "जानेवारी संपता संपता. त्याच्या आधी लावायचं नाही, कितीही मोह झाला तरी. आणि आप्पांना एकट्याला जिना चढू देऊ नको." मी म्हटलं, "एवढं कळतं मला." जरा फटकूनच म्हटलं. त्यांनी माझ्या गालावर बोट ठेवलं. "अजून दात खातेस."

डॉक्टरबाई गाडीत बसल्यावर आप्पा खिडकीशी गेले. सगळी गल्ली उभी होती, भाजीवालासुद्धा. आप्पा म्हणाले, "बाई, आ करा." डॉक्टरबाईंनी खरंच तोंड उघडलं. आप्पांनी वाकून, डोळे बारीक करून नीट बघितलं. "समदं बेस हाय. जावा." गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्यांचा हात वर होता.

त्यानंतर दर रविवारी त्यांचा फोन यायचा, माझ्या मोबाइलवर. चेहरा दिसायचा. मी फोन आप्पांसमोर धरून उभी राहायचे, खांब असल्यासारखी. आप्पा रोपं कुठवर आली ते सांगायचे. डिसेंबरात डबा फ्रिजमध्ये ठेवला तेव्हा फोन फ्रिजमध्येसुद्धा धरायला लावला. हळूहळू डॉक्टरबाईंचे शब्द जड व्हायला लागले. मग भाऊच बोलायचे, त्या नुसत्या हसायच्या. फोन ठेवल्यावर आप्पा म्हणायचे, "आज बाई कमी बोलल्या." मी म्हणायचे, "थंडी आहे ना तिकडे."

जानेवारीच्या अखेरीस, मी ऑफिसात असताना डॉक्टरबाईंच्या भावाचा फोन आला. रविवार नव्हता, तेव्हाच मला समजलं. त्यांनी शांतपणे सांगितलं आणि म्हणाले, "अक्का आधीच सांगून ठेवली होती. आप्पांना फोन करायचं नाही, नंदाला करायचं. ती नीट सांगते म्हणून."

ती नीट सांगते. माझ्या हातात घाई आहे म्हणणारी बाई, बापाला सांगायची एवढी मोठी गोष्ट माझ्यावर सोपवून गेली होती. घरापर्यंत स्कूटरवर मी वाक्य जुळवत आले. आधी तब्येतीचं काढायचं, मग भावाचा फोन, मग हळूच. वर गेले तर आप्पा उन्हात बसले होते. फ्रिजमधला डबा बाहेर काढलेला, कुंड्या मॉसनं भरून तयार, पाण्याचं घमेलं शेजारी. माझीच वाट बघत होते. "आलीस व्हय? म्हटलं, आजच लावू. दिस चांगला हाय."

मी "आप्पा" म्हटलं आणि पुढचं एकही वाक्य आलं नाही. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडायला लागले. आई गेली तेव्हाही अशी रडले नव्हते. तेव्हा पै-पाहुणे होते, स्वयंपाक होता, आप्पांना सांभाळायचं होतं. आता मात्र थांबेना. ज्या बाईनं माझ्या बापाचं हसणं नेलं, पहिला घास नेला, माझ्याकडून उन्हाळाभर बाटल्या वाहून घेतल्या, तिच्यासाठी मी लहान पोरीसारखी हुंदके देत होते आणि का, ते मला सांगता येत नव्हतं.

आप्पांनी विचारलं, "बाई?"

मी मान हलवली.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, सरकत सरकत माझ्याजवळ आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. ओला होता, मॉसचा भुसा लागलेला. तो तसाच केसांवरून फिरत राहिला, हळुवार. मला कळायला लागल्यापासून मी ज्याची वाट बघितली तो हा हात, आणि तोही मिळाला तो तिच्या निमित्तानं. त्या क्षणीसुद्धा मला तिचा हेवा वाटला, आणि त्याच क्षणी ती इथे हवी होती असंही वाटलं.

"नंदे, पुरं कर आता," आप्पा म्हणाले. "समदं तूच रडलीस तर मी काय करू? मला बी थोडं राहू दे की."